अवजड यंत्रांची वाट कोणी ठरवायची?

दुर्गम भागात एखादी खाण, जलविद्युत केंद्र किंवा पवनचक्क्यांची रांग उभी करायचे ठरते, तेव्हा यंत्र किती क्षमतेचे असावे, ते कोणाकडून घ्यावे आणि त्यासाठी कर्ज कोठून उभारावे यावर वर्षानुवर्षे खल होतो. ते यंत्र तेथवर पोहोचणार कसे, हा प्रश्न मात्र बहुधा यंत्र कारखान्यात तयार होऊन उभे राहिल्यावर वाहतूक कंत्राटदाराच्या टेबलावर येऊन पडतो. मग तो टेप घेऊन वाट मोजायला निघतो. कोणत्या मोरीवर लोखंडी प्लेटा टाकायच्या, कोणत्या वळणावरचा कडा तासायचा, कोणाच्या शेताचा बांध चार दिवसांसाठी पाडायचा, हे सारे तोच ठरवतो आणि त्यावर परवान्याचा शिक्का उमटतो. माझे म्हणणे असे आहे की हे निर्णय कंत्राटदाराचे नाहीत. ते सार्वजनिक निर्णय आहेत आणि ते प्रकल्पाला मंजुरी देतानाच, यंत्राचा आराखडा पक्का होण्यापूर्वी, उघडपणे घेतले गेले पाहिजेत.

वजन आणि रस्त्याचे नुकसान यांचे नाते सरळ प्रमाणाचे नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून ट्रक फिरवून ज्या चाचण्या घेतल्या गेल्या, त्यांतून असा ठोकताळा निघाला की रस्त्याची झीज एका एक्सलवर, म्हणजे चाके जोडणाऱ्या एका आसावर, येणाऱ्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट होते. म्हणूनच अवजड माल वाहणारे लोक वजन कमी करू शकत नसले तरी ते पुष्कळ एक्सलांवर पसरवतात आणि शंभरावर चाकांचा ट्रेलर डांबराला एखाद्या वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या वाळूच्या ट्रकइतकाही त्रास देत नाही. पुलाचे गणित वेगळे असते. दोन खांबांमधल्या गाळ्यावर एका वेळी एकूण किती वजन उभे आहे, यावर पुलाचे भवितव्य ठरते आणि तेथे चाके वाढवून फारसे साधत नाही. त्यातही दुर्गम रस्त्यांची खरी परीक्षा मोऱ्यांवर होते, कारण मोठ्या पुलाचा नकाशा कोणत्या तरी कार्यालयात सापडतो, पण दोन पिढ्यांपूर्वी ओढ्यावर बांधलेल्या दगडी मोरीचा सापडेलच असे नाही.

अशी मोरी ओलांडण्याचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. ट्रेलर अलीकडेच थांबतो. पुढून ओढणाऱ्या आणि मागून रेटणाऱ्या पुलरची इंजिने घरघरत राहतात. लाकडी स्लीपर आणि त्यांवर जाड प्लेटा आधीच अंथरलेल्या असतात. एक माणूस ओढ्यात उतरतो, कमानीच्या सांध्यांवरून बॅटरीचा झोत फिरवतो, जुन्या भेगांच्या टोकांशी खडूने रेघ ओढतो आणि बाजूला जाऊन उभा राहतो. भेग रेघेच्या पुढे सरकली तर ओरडायचे, एवढेच त्याचे काम. मग ट्रेलर माणसाच्या चालीपेक्षाही हळू, पण मध्ये न थांबता पुढे सरकतो, कारण मोरीवर ब्रेक लावला तर वजनाच्या जोडीला आडवा धक्काही बसतो. मागच्या चाकांशेजारून चालणारा माणूस गळ्यात अडकवलेल्या पेटीवरची दांडी बोटभर हलवतो आणि चाकांच्या ओळी एकामागून एक तिरप्या होतात. ट्रेलर पलीकडे गेला की खालचा माणूस पुन्हा खडूच्या रेघा पाहतो. या कामात जे कसब लागते त्याबद्दल मला आदरच आहे. पण मोरी खचली असती तर पलीकडच्या वस्तीचा दवाखान्याकडे जाणारा एकमेव रस्ता तुटला असता, आणि त्या वस्तीतल्या एकाही माणसाला आज रात्री येथून काय जाणार आहे हे कोणी सांगितलेले नसते. ट्रेलरवर ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या अंगावर प्रवासातल्या प्रत्येक धक्क्याची नोंद ठेवणारे एक छोटे उपकरण बसवलेले असते. मुक्कामी पोहोचल्यावर ते तपासूनच माल ताब्यात घेतला जातो. वाटेवरच्या मोऱ्यांना किती धक्के बसले, याची नोंद कोणीही मागत नाही.

एखादी वस्तू हलवता येईल का, हा प्रश्न आता जवळपास उरलेला नाही. स्वतःच्या बळावर चालणारी हायड्रोलिक वाहने एकमेकांना जोडून हजारो टनांचे सांगाडे नेता येतात. खालची जमीन वरखाली असली तरी वरचा पाट समतल राहतो. पवनचक्कीचे लांबलचक पाते घाटातल्या वळणात मावत नसेल, तर ते बुंध्याशी पकडून आकाशाच्या दिशेने तिरके उचलून धरणारी वाहने आहेत. जेथे रस्ताच नाही तेथे वीस टनांपर्यंतचा माल उचलणारे मी-२६ हेलिकॉप्टर आहे. इतकी साधने हाताशी असल्यामुळेच आधी विचार करण्याची गरज कोणाला वाटेनाशी झाली असावी, असा मला संशय येतो. ज्या काळी ही साधने नव्हती, त्या काळी वाटेचा विचार पहिल्याने करणे भागच होते.

रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमधल्या झार पीटरच्या अश्वारूढ पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी आणलेल्या शिळेचे उदाहरण घेऊ. सुमारे १,२५० टनांची ती शिळा दलदलीच्या जमिनीत रुतलेली होती आणि तिला समुद्रकाठापर्यंत सुमारे सहा किलोमीटर ओढत न्यायचे होते. धातूने मढवलेल्या पन्हळींत धातूचेच गोळे बसवून त्यांवरून शिळेखालचा तराफा सरकवण्याची युक्ती पुढे फार वाखाणली गेली. पण मला महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा निर्णय, म्हणजे हिवाळ्याची वाट पाहण्याचा. जमीन गोठून दगडासारखी कडक झाली तेव्हा, १७६९-७० च्या थंडीत, शेकडो माणसांनी रहाट फिरवून तो दगड दिवसाला फार तर दीडशे मीटर या गतीने पुढे नेला. वाट पाहणे हीसुद्धा वाहतुकीची एक रीत आहे. आजच्या कंत्राटांत मात्र उशिराच्या दिवसागणिक दंड लिहिलेला असतो आणि भर पावसात, साइडपट्ट्या भिजून मऊ झालेल्या असताना दोनशे टनांचा ट्रेलर बाहेर काढायला तोच दंड भाग पाडतो. रस्ता खचतो तो ड्रायव्हरच्या चुकीने असे पंचनाम्यात लिहिले जाते; दंडाच्या कलमाचे नाव त्यात येत नाही.

ऋतूवर अवलंबून राहण्याची पद्धत आजही जिवंत आहे, पण तिचा भरवसा घटत चालला आहे. कॅनडाच्या वायव्य प्रदेशांत येलोनाइफच्या उत्तरेकडच्या हिऱ्यांच्या खाणींकडे जाणारा हिवाळी रस्ता १९८२ पासून दर वर्षी नव्याने तयार केला जातो. त्याचा बहुतेक भाग गोठलेल्या तलावांवरून जातो आणि तो वर्षातून जेमतेम दोन महिने वापरता येतो. भरलेल्या ट्रकांना तेथे ताशी सुमारे २५ किलोमीटरची मर्यादा असते, कारण ट्रक चालतो तेव्हा बर्फाखालच्या पाण्यात लाट उठते आणि वेग चुकला तर तीच लाट बर्फ फोडते. २००६ मध्ये हिवाळा उबदार गेला, रस्ता लवकर बंद करावा लागला आणि राहिलेला माल खाणींना विमानांनी न्यावा लागला. इंधन, सिमेंट, सुटे भाग हे विमानातून नेता येतात, जरी त्याने खर्च भलताच वाढतो. पण जो तुकडा विमानात मावतच नाही, तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत पडून राहतो. हवामान बदलत असताना ऋतूच्या भरवशावर आखलेल्या वाटेला दुसरी वाट असलीच पाहिजे, आणि ती कोणती हे यंत्राची मागणी नोंदवण्यापूर्वी ठरायला हवे.

उपाय बऱ्याचदा यंत्रातच असतो, म्हणजे ते किती तुकड्यांत करायचे यात. पेरू सरकारने टिटिकाका सरोवरासाठी मागवलेल्या ‘यावारी’ आणि ‘यापुरा’ या दोन आगबोटी १८६२ मध्ये इंग्लंडमधून २,७६६ तुकड्यांत निघाल्या. पेरूच्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरापर्यंतच आगगाडी होती. तेथून पुढे अँडीज पर्वत ओलांडून ३,८०० मीटर उंचीवरच्या, सरोवराकाठच्या पुनो गावापर्यंत खेचरांखेरीज दुसरे वाहन नव्हते. त्यामुळे एका खेचराच्या पाठीवर किती ओझे चढते, हेच त्या आगबोटीच्या भागांचे माप झाले. काम काही महिन्यांत आटोपेल असा होरा होता, प्रत्यक्षात वर्षे लागली आणि ‘यावारी’ १८७० च्या नाताळात पाण्यात उतरली. तेव्हा या गोष्टीत फार रम्यता शोधू नये. पण आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खेचर होते, एवढे खरे, आणि आजच्या अनेक आराखड्यांपुढे ते नसते.

‘याचे तुकडे होऊच शकत नाहीत’ हे आजच्या प्रकल्पांचे आवडते उत्तर आहे. ते किती पारखून घ्यावे लागते, हे अमेरिकेच्या आयडाहो राज्यातल्या हायवे १२ च्या प्रकरणात दिसले. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातील कर्ल या तेलवाळूच्या, म्हणजे वाळूत मिसळलेले तेल काढण्याच्या, प्रकल्पासाठी दक्षिण कोरियात दोनशेहून अधिक प्रचंड सांगाडे बनवून घेतले होते. ते जहाजाने आणि मग बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीने, कोलंबिया आणि स्नेक या नद्यांतून समुद्रापासून सातशेहून अधिक किलोमीटर आत असलेल्या लुइस्टन बंदरापर्यंत आणायचे आणि पुढे क्लिअरवॉटर आणि लोचसा नद्यांच्या काठाने जाणाऱ्या दोन पदरी डोंगरी रस्त्याने न्यायचे, अशी योजना होती. रुंद, सरळ महामार्ग सोडून हा अरुंद, वळणावळणाचा रस्ता निवडण्याचे कारण मासलेवाईक आहे: महामार्गांवर वरून जाणारे पूल आहेत आणि सांगाडे त्यांखालून जाण्याइतके ठेंगणे नव्हते, डोंगरातल्या गरीब रस्त्यावर असे पूल कोणी बांधलेलेच नव्हते. ट्रेलर रस्त्याची पूर्ण रुंदी व्यापणार, म्हणून वाहतूक रात्री आणि ठरावीक जागी थांबत थांबत करायची होती.

रस्त्याकाठच्या रहिवाशांनी आणि पुढे नेझ पर्स या मूळ निवासी लोकांनी विरोध केला, प्रकरणे न्यायालयात गेली, परवाने लांबले. तेव्हा कर्ल प्रकल्पाच्या कंपनीने लुइस्टनला येऊन पडलेले तीसहून अधिक सांगाडे २०११ मध्ये कापून लहान केले आणि महामार्गानेच पुढे नेले. जे अविभाज्य म्हणून आले होते, ते वाट अडताच विभाज्य ठरले. खर्च वाढला, वेळ गेला, हे मान्य. पण तो खर्च आणि तो वेळ मुळात आराखड्याच्या पानावर एका रेघेत वाचला असता.

त्याच रस्त्याच्या पुढच्या कहाणीत कायद्यातली फटही उघडी पडली. प्रत्येक फेरीचा परवाना राज्याचा परिवहन विभाग देत होता. रस्ता ज्या राष्ट्रीय वनातून जातो, त्या वनखात्याची समजूत अशी होती की यात आपल्याला काही अधिकार नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने तो अधिकार आहे असा निवाडा दिला. तरीही त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसऱ्या एका कंपनीचा अजस्र माल रस्त्यावर उतरला, नेझ पर्स लोक आणि त्यांचे निवडून दिलेले नेते रात्री रस्त्यावर उभे राहिले, त्यांना अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ही वाहतूक थांबवली. परवाना देणारा एकेक फेरी पाहतो. तिचे वजन, उंची, तारीख, पायलट गाड्या सगळे नियमात बसते. दोनशे फेऱ्यांनी मिळून त्या खोऱ्याचे काय होईल, हे पाहणे कोणाच्याच टेबलावर नसते. मला सर्वांत गंभीर वाटते ती हीच गोष्ट, आणि ती एका देशापुरती नाही.

यावर अभियंते जो आक्षेप घेतील तो पोकळ नाही. यंत्र कारखान्यात पूर्ण जोडून, तपासून पाठवले तर त्याची खात्री देता येते. डोंगरात तंबूखाली, वाऱ्यात आणि धुळीत केलेल्या वेल्डिंगची तशी देता येत नाही. अणुभट्टीचे पात्र तुकड्यांत नेऊन जागेवर जोडा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पण प्रत्येक यंत्र अणुभट्टीचे पात्र नसते. मोठ्या खाणीतला चारशे टन माल वाहणारा डंपर डझनभर ट्रेलरांवर सुट्या भागांत येतो आणि खाणीतच जोडला जातो, याचे कोणाला नवल वाटत नाही. विजेचे तिन्ही प्रवाह एकत्र सांभाळणाऱ्या एका थ्री फेज ट्रान्सफॉर्मरऐवजी एकेक प्रवाह सांभाळणारे तीन सिंगल फेज ट्रान्सफॉर्मर बसवले तर जागा जास्त लागते, किंमत वाढते, पण सर्वांत जड तुकड्याचे वजन निम्म्याहून खाली येऊ शकते. शिवाय चौथा नग राखीव ठेवला की एक बिघडला तरी केंद्र फार काळ बंद राहत नाही. जेथे बदली यंत्र पोहोचायला एक आख्खा ऋतू जातो, तेथे या फायद्याची किंमत दरपत्रकात दिसते त्याहून पुष्कळ मोठी आहे. तुलना करायचीच तर वाटेचा, पुलांचा आणि पुढच्या दुरुस्तीचा खर्च धरून करावी.

दुसरा आक्षेप भावनिक असला तरी त्याला वजन आहे. रस्ता रुंद झाला, पूल मजबूत झाले तर दुर्गम लोकांचे भलेच आहे, मग तक्रार कशाची? काही ठिकाणी हे खरे आहे. पण यंत्रासाठी बांधलेली वाट यंत्राच्या गरजेने वळते. ती खाणीपाशी किंवा धरणापाशी संपते, गावापाशी नाही. आणि जंगलात रस्ता गेला की यंत्रामागून काय काय येते, याचा अनुभव अॅमेझॉनच्या खोऱ्याने घेतला आहे: तेथील जंगलतोडीपैकी सुमारे ९५ टक्के तोड रस्त्यांपासून साडेपाच किलोमीटरच्या किंवा नौवहनाच्या नद्यांपासून एक किलोमीटरच्या आत झालेली आढळली. पेरूतल्या कामिसेआ वायूप्रकल्पात म्हणूनच समुद्रातल्या तेलविहिरींसारखी पद्धत जंगलात वापरली गेली. विहिरींपर्यंत रस्ता बांधलाच नाही, विहिरी खोदणाऱ्या रिगचे भाग हेलिकॉप्टरने आणि नदीतून नेले. त्या प्रकल्पाची वायुद्रव, म्हणजे वायूबरोबर निघणारे द्रव इंधन, नेणारी पाइपलाइन सुरुवातीच्या काही वर्षांतच पुन्हा पुन्हा फुटली, तेव्हा त्याला आदर्श म्हणण्याची माझी तयारी नाही. रस्ता न बांधणे हाही एक पर्याय असतो आणि तो कागदावर मांडून तपासता येतो, इतकेच त्यावरून घ्यावे.

ज्यांच्या हाती प्रत्यक्ष चाक असते त्यांच्याविषयीही बोलायला हवे. २०२० च्या जूनमध्ये उत्तराखंडात मुनस्यारी-मिलम रस्त्यावरचा बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जोडून उभारलेला पूल, पोकलेन घेऊन जाणारा ट्रेलर वर आला असताना नाल्यात कोसळला. वजन पुलाच्या क्षमतेबाहेरचे होते आणि सीमेकडच्या गावांची वाट तुटली. नवा पूल काही दिवसांतच उभा राहिला हे खरे, पण प्रत्येक नाल्याला असे तत्पर बांधणारे लाभत नाहीत. अशा अपघातानंतर ‘फलक लावलेला असताना तो पुलावर गेलाच का’ असे सहज विचारले जाते. ड्रायव्हरने फलक वाचून गाडी थांबवली असती तर त्या दिवसाची मजुरी, पुढचे काम आणि मालकाची मर्जी यांचे काय झाले असते, हेही विचारावे. धोका दिसताच थांबण्याचा हक्क आणि त्या थांब्याचे पैसे कंत्राटात लिहून द्यावेत. ज्याने मोरीखाली जाऊन भेगा पाहिल्या, त्याच्या नकारावर ऑफिसातल्या कोणाला मात करता येऊ नये.

मंजुरीच्या कागदांत यंत्राच्या क्षमतेशेजारीच त्याच्या सर्वांत जड आणि सर्वांत लांब तुकड्याचे माप असावे, तो कोणत्या वाटेने आणि कोणत्या ऋतूत जाणार हे असावे, आणि वाटेवरच्या लोकांना ते त्यांच्या भाषेत वाचायला मिळावे. पहिला ट्रेलर निघण्यापूर्वी प्रत्येक पुलाची आणि मोरीची तपासणी होऊन तिची प्रत गावाकडेही राहावी, म्हणजे नंतर भेग आधीची की नंतरची हा वाद उरणार नाही. दुरुस्तीची रक्कम आगाऊ जमा असावी. सर्व फेऱ्यांचा एकत्र विचार एकाच अधिकाऱ्याने करावा आणि नकार देण्याची मुभा त्याला खरोखरच असावी. काम झाल्यावर तात्पुरते भराव काढून टाकावेत असे म्हणणे सोपे आहे, पण तीस वर्षांत ट्रान्सफॉर्मर एकदा तरी बदलावा लागू शकतो आणि नवा त्याच वाटेने यावा लागेल. तेव्हा कोणता भाग काढायचा, कोणता राखायचा आणि राखायचा तर कोणाच्या खर्चाने, हेही त्याच कागदांत ठरले पाहिजे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हटले तर चिलीच्या अताकामा वाळवंटातली अल्मा ही रेडिओ-वेधशाळा दाखवता येईल. तेथे शंभर टनांहून जड अँटेना २,९०० मीटरवरच्या तळावर जोडून सुमारे २८ किलोमीटरच्या चढाने ५,००० मीटरवरच्या पठारावर न्यायच्या होत्या आणि देखभालीसाठी पुन्हा खाली आणायच्या होत्या. अँटेना, त्यांना वाहणारी २८ चाकांची दोन वाहने आणि रुंद रस्ता यांचा विचार एकत्रच झाला. विरळ हवेत इंजिनांची जवळजवळ निम्मी ताकद जाते, म्हणून ती आधीच तेवढी मोठी घेतली गेली. ड्रायव्हरच्या आसनाची पाठसुद्धा अशी घडवली की पाठीवर प्राणवायूचे नळकांडे बांधून त्याला नीट टेकून बसता यावे.